रिमेक कसाही करा, पण जुना गेम दुकानातून उचलू नका

जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीनं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या जुन्या व्हिडिओ गेमचा रिमेक कायमचा रद्द केला आणि आमच्या ग्रुपवर दोन दिवस सुतक. गंमत अशी की ज्यांनी सगळ्यात मोठ्यानं हळहळ व्यक्त केली त्यांनीच सप्टेंबर २०२० मध्ये त्याचा पहिला ट्रेलर आला तेव्हा सगळ्यात जास्त शिव्या घातल्या होत्या, आणि त्यात मी पण होतो. चेहरे मेणाचे वाटतात, हे काय दहा वर्षांपूर्वीचं ग्राफिक्स आहे का, असलं बरंच काय काय टाइप केलं होतं. आता ते मेसेज वर स्क्रोल करून वाचले की कसंतरीच होतं.

कारण तो गेम आपल्या इथं बनत होता ना, पुण्यात आणि मुंबईत. तोपर्यंत आपल्याकडच्या स्टुडिओंच्या वाट्याला मोठ्या गेमचं टेस्टिंग, पोर्टिंग म्हणजे एका मशीनचा गेम दुसऱ्या मशीनवर चालता करणं, कुणाच्या तरी हाताखालचं काम असंच यायचं, एवढं मोठं नाव स्वतःच्या जबाबदारीवर पहिल्यांदाच मिळालेलं. आणि २००३ च्या त्या गेमची गोष्टच मुळात भारतात सुरू होते: पर्शियाचा राजपुत्र बापाच्या फौजेबरोबर एका महाराजाच्या राजवाड्यात घुसतो, तिथून काळ मागं फिरवणारा खंजीर उचलतो, आणि पुढं अख्ख्या गेमभर त्याच्याबरोबर जी फराह असते ती त्या लुटलेल्या महाराजाचीच मुलगी. ती गोष्ट पुण्यातल्या पोरांनी परत सांगायची म्हणजे सोन्याहून पिवळं. पण झालं काय, जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मार्चची बेमुदत झाली, मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून कॅनडातल्या माँट्रियलला दिलं, मग २०२६ मध्ये नक्की येणार म्हणाले, आणि २०२६ उजाडल्यावर महिनाही पुरा न होता विषय बंद.

त्या पाच वर्षांत ज्या काही वादावादी झाल्या त्या सगळ्यांचं सार एवढंच होतं की एक पार्टी म्हणायची काहीही बदलू नका, फक्त चकाचक करा, आणि दुसरी म्हणायची जसंच्या तसं द्यायचं तर मग परत पैसे कशाला देऊ, काहीतरी नवीन करा की. रिमेक म्हटलं की हे भांडण ठरलेलंच. मी दोन्ही बाजूंनी भांडलोय, एकाच आठवड्यात सुद्धा. पण आता मला वाटतं की त्या भांडणात उतरण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला पाहिजे जो कुणी विचारतच नाही, तो म्हणजे, जुना गेम आज सरळ मार्गानं विकत मिळतो का? मिळत असेल तर रिमेकवाल्यांना मोकळं रान, हिरोला मिशा लावा नाहीतर शेवट बदला, माझं काही म्हणणं नाही. पण मिळत नसेल तर मात्र तुम्ही जे बनवताय तोच इथून पुढं लोकांसाठी मूळ गेम असणारे, आणि मग मला तिथं इमानदारीच पाहिजे, हात आखडता घेतलेला पाहिजे.

हे माझ्या डोक्यात गेमवरून नाही आलं, गावच्या देवळावरून आलं. आमच्या गावच्या देवळासमोर काळ्या दगडाची दीपमाळ आहे. लहानपणी त्रिपुरी पौर्णिमेला वर चढून पणत्या लावायला आमची मारामारी असायची, त्या दगडाच्या हातांवर वर्षानुवर्षांच्या तेलाचे ओघळ, काजळी, बोट लावलं तर काळं व्हायचं. मग काही वर्षांपूर्वी गावानं वर्गणी काढून जीर्णोद्धार केला. सभामंडपात बाथरूमला लावतात तसल्या टाइल्स, खांबांना गुलाबी, आणि दीपमाळेला चंदेरी ऑइल पेंट. मी बघून हादरलोच. आजी मात्र खूश, म्हणाली आता कसं लखलखीत झालं बघ. आणि खरं सांगू का, आजीला चूक म्हणायची माझी हिंमत नाही, रोज पाच वाजता झाडलोट तिनं केलीये त्या देवळात, मी वर्षातून दोनदा जाणारा माणूस. पण रंग एकदा बसला की खालचा दगड गेला तो गेलाच. शेजारच्या गावानं उलटं केलं, जुनं देऊळ होतं तसं ठेवून समोर पत्र्याचा भलामोठा मंडप टाकला, अत्यंत बेढब मंडप, पण त्यावरून गावात कुणाचं भांडण झालं नाही, ज्याला मंडपात बसायचंय तो मंडपात बसतो, ज्याला दगडाचा गारवा पाहिजे तो आत जातो.

गेममध्ये पण दोन्ही प्रकार चालतात. ‘फायनल फँटसी सेव्हन’ घ्या. १९९७ चा गेम, प्लेस्टेशनच्या तीन सीडींवर मावलेला. त्याच्या रिमेकचा पहिला भाग २०२० मध्ये आला तो फक्त मिडगर शहरापुरता, मूळ गेममधला सुरुवातीचा काही तासांचा तुकडा, त्याचा तीस-चाळीस तासांचा गेम केला. दुसरा भाग २०२४ मध्ये आला. आणि गोष्टीत चक्क अशी भुतं घातलीयेत की पात्रं जुन्या कथेच्या वाटेवरून जरा जरी इकडंतिकडं व्हायला लागली की ती घोंगावत येतात आणि सगळं परत मूळ वळणावर आणतात, म्हणजे आम्ही फॅन लोक जे करतो तेच. शेवटी तुम्हाला त्या भुतांशीच लढायचंय. हा आगाऊपणा मला जाम आवडला, माझ्या एका मित्राला अजिबात नाही आवडला, त्यानं पहिला भाग शेवटाला येऊन सोडून दिला. पण तो मग काय करतो तर निवांत १९९७ वाला खेळतो, कारण तो पीसीवर मिळतो, प्लेस्टेशनवर मिळतो, फोनवरसुद्धा मिळतो. त्याचं काहीच बिघडलं नाही. कंपनीनं मंडप बाजूला टाकला, देवळाला हात लावला नाही.

‘रेसिडेंट ईव्हिल टू’चंही तसंच. १९९८ मध्ये कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात टांगलेला असायचा, माणूस रणगाड्यासारखा जागेवर गोल फिरायचा आणि मग पुढं जायचा. २०१९ मध्ये कॅमेरा पाठीमागं खांद्यावर आणला, म्हणजे गेमचा पायाच बदलला म्हणा ना. जुन्या गेममध्ये तो कोट घातलेला धिप्पाड राक्षस सगळ्या खेळणाऱ्यांना दिसायचाही नाही, तो दुसऱ्या फेरीत यायचा, नव्यात तो पोलीस स्टेशनभर तुमच्या मागावर असतो आणि वरच्या मजल्यावरून त्याच्या बुटांचा आवाज येतो, धप, धप, आणि तुम्ही खाली लायब्ररीत कपाट सरकवत असता. अंगावर काटा. एवढं बदलूनही गोळ्या कमी, खिसा लहान, हे दार उघडू की ते ही घालमेल जशीच्या तशी ठेवली. आणि मालिकेतले पहिले तिन्ही जुने भाग २०२४ मध्ये जीओजी नावाच्या ऑनलाइन दुकानात परत विकायला आले. मग तक्रार कसली?

आता ऑइल पेंटवाले. इथं जरा सविस्तर बोलतो, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

आमच्या पिढीचा गेम म्हणजे व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास, दोन्ही जीटीए म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतले. २००५-०६ च्या सुमारास सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये, लाकडी खोपटं, प्रत्येकाला पडदा, की-बोर्डवरची डब्ल्यू-ए-एस-डी ही चारच बटणं घासून पांढरी झालेली. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर चीट कोड लिहिलेले असायचे, पँझर टाइप केलं की रणगाडा, लिव्हमीअलोन टाइप केलं की पोलीस गायब. मिशन कुणी खेळायचंच नाही, मिशन हा प्रकार आहे हेच मला दीड वर्षानं कळलं. आणि आमच्या कॅफेतली कॉपी रिप होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साइज कमी करायला गेममधला ऑडिओ कापून टाकलेली पायरेटेड कॉपी. म्हणजे मी व्हाइस सिटी, जो गेम अर्धा त्याच्या रेडिओवरच्या गाण्यांसाठी ओळखला जातो, तो तीन वर्षं बिनरेडिओचा खेळलो. समुद्राकाठचा रस्ता, गुलाबी आकाश, आणि गाडीत चिडीचूप, फक्त इंजिनाची घरघर. कॉलेजला गेल्यावर एकाच्या लॅपटॉपवर पहिल्यांदा गाडीत बसलो आणि गाणं वाजलं तर मी विचारलं, हा कुठला मॉड टाकलायस, म्हणजे बाहेरून कुणी बनवलेला बदल?

तर ‘मूळ गेम’ ‘मूळ गेम’ म्हणून आपण जे उर बडवतो ना, त्यातला निम्मा आपल्या आठवणीतला असतो आणि आठवण काय, रिप कॉपीच. म्हणून फॅन लोकांच्या भावना दुखावल्या हा मुद्दा मी आता फारसा मनावर घेत नाही, माझ्यासकट. पण जी गोष्ट भावनेची नाहीये, सरळ हिशोबाची आहे, ती ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. हे गेम काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीनं या दोन गेमची आणि तिसऱ्या जीटीए थ्रीची नवीन ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ येणार म्हणून जाहीर केलं, आणि ती यायच्या आधीच जुने तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले. नवीन घर बांधून व्हायच्या आधीच जुन्याला कुलूप. आणि नोव्हेंबरमध्ये जे आलं ते बघून लोकांनी डोक्याला हात लावला. पाऊस पडायला लागला की स्क्रीनवर दुधाच्या धारा सोडल्यासारखं, समोरचा रस्ता दिसेना. पाट्यांवरची अक्षरं सॉफ्टवेअरकडून मोठी आणि साफ करून घेतलेली, तर काही ठिकाणी स्पेलिंगच वेगळं झालं. एका डोनटच्या दुकानावर बोल्टच्या नटाचा मोठा पुतळा होता, नावातच नट असल्यामुळं केलेला विनोद, षटकोनी नट, तो नव्या गेममध्ये गुळगुळीत गोल झाला. विनोद गेला, राहिला एक लोखंडी डोनट. यंत्राला कडा दिसली, त्यानं ती घासली. नेमकं आमच्या दीपमाळेसारखं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते धुकं. सॅन अँड्रियास २००४ चा, प्लेस्टेशन टूवर पहिला आला, त्या मशीनला लांबचं दाखवणं झेपायचं नाही म्हणून लांबचं सगळं धुरकट, पिवळसर, उन्हात तापलेल्या हवेसारखं. त्यामुळं लॉस सँटोसहून गाडी काढली की डोंगर कुठं आहे, वाळवंट कुठं सुरू होतं काही दिसायचं नाही, चालवतच राहायचं, आणि वाटायचं आपण लई लांब आलोय, पुण्याहून निघून सोलापूर आलं तरी गाव संपेना असं. नव्या एडिशनमध्ये मशीन ताकदीचं म्हणून धुकं काढलं. झालं, विमान घेऊन वर गेलं की या टोकाचं शहर, मधला डोंगर आणि त्या टोकाचं शहर सगळं एका फ्रेममध्ये, सर्कशीच्या तंबूएवढा नकाशा. अरे एवढंच होतं होय हे? ज्या जागेत आम्ही दोन उन्हाळे हरवून गेलो होतो ती जागा चार पावलांची निघाली. कुणी वाईट हेतूनं नाही केलं हे, त्यांना वाटलं असणार कमतरता होती ती दुरुस्त करू. पण त्या कमतरतेच्या भरवशावरच तो नकाशा आखला होता.

रॉकस्टारनं जाहीर माफी मागितली, जुने गेम पीसीच्या त्यांच्या दुकानात परत ठेवायचं कबूल केलं, आणि तीन वर्षांनी २०२४ मध्ये अपडेट देऊन जुन्यासारखा उजेड आणि वातावरण परत आणलं. म्हणजे त्यांनाही कळलं. पण माझा मुद्दा असा की जुने गेम पहिल्यापासून शेल्फवर राहिले असते तर त्या फजितीवर आपण मीम करून हसलो असतो आणि सोडून दिलं असतं. राग पावसाचा नव्हता, पर्याय काढून घेतल्याचा होता.

ब्लिझर्ड या कंपनीनं तर कडी केली. त्यांचा ‘वॉरक्राफ्ट थ्री’ २००२ चा, हॉस्टेलच्या लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरांवर, रात्रभर डोटा खेळलेल्या पिढीला त्याचं नाव सांगायला नको, डोटा जन्मला त्याच्याच पोटी. जानेवारी २०२० मध्ये त्याची नवी आवृत्ती ‘रिफोर्ज्ड’ आली आणि ज्यांनी जुना गेम पैसे देऊन घेतलेला, ज्यांना नवीन नकोच होता, त्यांच्या कॉम्प्युटरवरचा ऑनलाइन खेळायचा जुना प्रोग्रॅमही अपडेटमध्ये बदलून टाकला, वर आधीच्या काही सोयी नव्यात नव्हत्याच. लोकांचा एवढा संताप की कंपनीला पैसे परत द्यावे लागले. हे म्हणजे तुमच्या घरी येऊन तुमच्या देवघराला पेंट मारून जाण्यासारखं आहे.

यावर कुणी म्हणेल की बाबा, जुना गेम विकत ठेवणं एवढं सोपं नसतं, गाण्यांची लायसन्स संपतात, नवीन विंडोजवर चालत नाही, सपोर्ट कोण देणार. ठीकाय, गाण्यांचं मान्य, व्हाइस सिटीतली काही गाणी तशीच गेली. पण बाकीचं? जीओजीसारखं दुकान त्याच धंद्यावर उभं आहे ना, जुने गेम नव्या मशीनवर चालवून विकायचे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये मोजणी केली तर तिथं निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. शंभरातले तेरा फक्त. सिनेमाचा रिमेक आवडला नाही तर माणूस जुना सिनेमा लावतो, नाटक पुन्हा रंगभूमीवर आणलं तर संहिता छापलेली असते. गेमचं तसं नाही, मशीन मेलं की गेम मेला, मग रिमेक हाच एकमेव दरवाजा. ‘डीमन्स सोल्स’चा २०२० चा रिमेक बघा, खेळायचे आतले नियम अगदी जुन्याबरहुकूम, वरून मात्र सगळं असं झगझगीत की २००९ च्या गेममधला तो कोंदटपणा, ती ओल, कुठंतरी कमी झाली असं जुने लोक म्हणतात. मी जुना खेळलेलो नाही. आणि आता खेळायचा म्हटलं तर प्लेस्टेशन थ्री आणि जुनी डिस्क शोधत फिरावं लागेल, ऑनलाइन सर्व्हर तर २०१८ मध्येच बंद झाले. म्हणजे जुने लोक बरोबर बोलतायत की नाही हे तपासायलाच मला रस्ता नाही. घोडं इथं पेंड खातं.

बरं, माझ्या नियमात एक गोची आहे, ती लपवत नाही. ‘सायलेंट हिल टू’ २००१ चा, तो आज कुठंही नवीन विकत मिळत नाही. माझ्या नियमानं २०२४ च्या रिमेकला काहीही हलवायचा अधिकार नव्हता. पण पोलंडच्या ब्लूबर टीमनं कॅमेरा बदलला, मारामारी बदलली, गेम जवळजवळ दुप्पट लांबवला, आणि तरी तो मला भिडला, अगदी आतून हलवून गेला. का? तर त्यांनी धुकं काढून नाही टाकलं. सायलेंट हिलचं धुकं पण पहिल्या गेममध्ये मशीनची कमतरता झाकायलाच आलेलं, आता गरज नव्हती, तरी त्यांनी ते आणखी दाट केलं, कारण ते त्या गावाचं हवामान झालंय. कुठली कमतरता कमतरता आहे आणि कुठली आता गोष्टीचा भाग झालीये हे ज्याला कळतं त्याला मी सूट द्यायला तयार आहे. पण कळतं की नाही हे गेम बाहेर आल्यावरच समजतं, तोवर जुन्याला कुलूप लागलेलं असतं. याच गेमची २०१२ ची एचडी आवृत्ती काढताना मूळ पूर्ण झालेला कोडच कंपनीकडं सापडला नव्हता, अर्धवट कोडवरून काम केलं आणि नेमकं धुकंच बिघडलं. मूळ गेम आज पीसीवर चालतोय तो काही फॅन लोकांनी फुकटात बनवलेल्या पॅचवर, म्हणजे दुरुस्तीच्या फाइलींवर. जगभर गाजलेला गेम आणि त्याची राखण चाहत्यांच्या सुट्टीच्या वेळेवर.

कोड हरवण्यावरून आठवलं, पहिल्या प्रिन्स ऑफ पर्शियाचा, १९८९ च्या, तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याच्या व्हिडिओवरून चित्रं काढलेल्या त्या गेमचा मूळ कोड कित्येक वर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना कपाटात फ्लॉप्या सापडल्या. मग त्यानं तो सगळ्यांसाठी नेटवर टाकला. वडिलांनी कपाट आवरताना रद्दीत टाकलं असतं तर? शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पस्तीस मिनिटांच्या तासात साठ मिनिटांचा तो गेम संपवायला निघालेल्या आम्हा पोरांना तेव्हा काय कल्पना.

तर परत पुण्याच्या त्या रिमेककडं. तो रद्द झाला याचं मला वाईट वाटतं ते बनवणाऱ्यांसाठी, त्यांची वर्षं गेली आणि लोकांना दिसला फक्त एक ट्रेलर, ज्याला आम्ही शिव्या घातल्या. पण गेमसाठी वाईट वाटतं का? तर फार नाही. कारण २००३ चा सँड्स ऑफ टाइम आजही स्टीम या ऑनलाइन दुकानात आहे, जीओजीवर आहे. मोठ्या स्क्रीनसाठी कुणीतरी बनवलेली एक फाइल टाकावी लागते, कॅमेरा मध्येच भिंतीत तोंड खुपसतो, लढाया तर खरंच कंटाळवाण्या आहेत, वाळूचा माणूस पाडायचा, खंजीर खुपसायचा, परत दुसरा. रिमेकनं तेवढं बदललं असतं तर मी टाळ्याच वाजवल्या असत्या.

दिवाळीला भाचा आला होता, तेरा वर्षांचा, त्याला बसवलं समोर. दहा मिनिटं नाक मुरडत होता, ग्राफिक्स काय मामा हे. मग भिंतीवरून पळताना खाली काट्यांवर पडला आणि गेला. या गेममध्ये सगळी गोष्ट राजपुत्र स्वतः नंतर कुणाला तरी सांगत असतो, त्यामुळं तुम्ही मेलात की त्याचा आवाज येतो, छे छे, असं नव्हतं झालं. भाच्यानं माझ्याकडं बघितलं, परत स्क्रीनकडं, आणि खो खो हसत सुटला. दुसऱ्यांदा मुद्दाम पडला, परत तेच ऐकायला. जेवायला हाक आली तर म्हणे थांब, आधी सेव्ह कर. म्हटलं असं कुठंही सेव्ह होत नाही यात, पुढं तो वाळूचा उजेड दिसतोय ना वर जाणारा, तिथपर्यंत पोचावं लागतं.

बहीण तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा तो अजून अलीकडच्याच भिंतीवर होता.